‘आढळले नाही’ : धूररहित तंबाखूच्या रासायनिक परीक्षणाची एक चिकित्सा

१

रासायनिक प्रयोगशाळेचा अहवाल सामान्यतः भाषेच्या अभ्यासकापुढे परीक्षणासाठी येत नाही. तो आकड्यांचा असतो, आणि आकड्यांना अर्थनिर्णयाची गरज नसते, असा समज रूढ आहे. परंतु आकडा एकटा कधीच बोलत नाही. तो वाक्यात बसूनच बोलतो. तंबाखूच्या परीक्षणातून निघणाऱ्या बहुतेक अहवालांचे मूलवाक्य एकच असते : ‘या नमुन्यात अमुक द्रव्य दर ग्रॅमला इतके आढळले.’ याच वाक्याचे निषेधरूप म्हणजे ‘आढळले नाही’. न्यायालय, शासन, वृत्तपत्र आणि अखेर तंबाखू खाणारा मनुष्य यांच्यापर्यंत प्रयोगशाळेतील सर्व खटाटोपातून पोचते ते एवढे वाक्यच.

या वाक्यावर किती भार आहे हे सांगण्यास दोन आकडे पुरेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २१.४ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे वीस कोटी माणसे, धूररहित तंबाखूचे सेवन करीत होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ८९ व्या प्रबंधात या प्रकारच्या तंबाखूतील २८ कर्कजनक द्रव्यांची नोंद आहे. हा पदार्थ अपायकारक आहे की नाही, हा प्रश्न आता खुला राहिलेला नाही. प्रश्न आहे तो कोणत्या पदार्थात काय, किती आणि कोणत्या स्वरूपात आहे, हे सांगणाऱ्या विधानांच्या विश्वसनीयतेचा.

प्रस्तुत निबंधात या मूलवाक्याच्या एकेका पदाची चिकित्सा करावयाची आहे. प्रतिपाद्य थोडक्यात असे : गेल्या सत्तर वर्षांत परीक्षणपद्धतींनी ‘अमुक द्रव्य’ आणि ‘इतके’ या दोन पदांना विलक्षण नेमकेपणा आणला, मात्र ‘या नमुन्यात’ आणि ‘आढळले नाही’ ही दोन पदे त्या मानाने सैलच राहिली. भारतीय पदार्थांच्या बाबतीत खरी अडचण उद्भवते ती याच दोन ठिकाणी. विवेचनाच्या सोयीसाठी वाक्यातील पदांचा क्रम येथे थोडा बदलला आहे.

२

प्रथम ‘अमुक द्रव्य’. जुन्या पद्धतीत तंबाखूतील निकोटिन वाफेबरोबर ऊर्ध्वपातित करून सिलिकोटंगस्टिक आम्लाने त्याचा साका पाडीत व त्याचे वजन करीत. या रीतीने वजन होई ते एकट्या निकोटिनचे नव्हे. त्याचे काही सगोत्र अल्कलॉइडही त्या साक्यात येत. कंडिफ आणि मार्कुनास यांनी १९५५ साली निर्जल माध्यमात परक्लोरिक आम्लाने करावयाचे अनुमापन सुचविले आणि निकोटिन व नॉर्निकोटिन यांच्यात भेद करण्याची सोय केली. हा भेद केवळ नावापुरता नव्हता. नॉर्निकोटिनपासूनच पुढे नायट्रोसोनॉर्निकोटिन, म्हणजे एनएनएन, हे तीव्र कर्कजनक तयार होते. दोन अल्कलॉइडांना एका नावाखाली मोजणाऱ्या पद्धतीस हा धोका दिसणेच शक्य नव्हते.

त्यानंतर क्रोमॅटोग्राफी आली. ‘वर्णलेखन’ हा मराठी पर्याय मूळ शब्दाशी प्रामाणिक आहे, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी त्स्वेट या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतील रंगद्रव्ये खडूच्या स्तंभातून वेगळी केली तेव्हा खरोखरच रंगांचे पट्टे उमटले होते. आजच्या यंत्रात रंग नाही. केवळ प्रत्येक घटक स्तंभातून किती वेळाने बाहेर पडतो याची नोंद असते. तात्पर्य, ‘हे निकोटिन आहे’ या विधानाचा अर्थ ‘शुद्ध निकोटिन ज्या क्षणी बाहेर पडते त्या क्षणी यातूनही काहीतरी बाहेर पडले’ इतकाच होतो. ओळख पटते ती वेळेवरून, आणि एकाच वेळी दोघे येऊ शकतात.

हा संशय दूर करण्याची खटपट हाच या पद्धतींचा पुढचा इतिहास आहे. तंबाखूत एनएनएन असल्याचे हॉफमन, हेक्ट, ऑर्नाफ व वाइंडर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. त्याच दशकात नायट्रोसो संयुगांसाठी एक विशेष शोधक उपलब्ध झाला. त्यात संयुग तापवून त्यातील नायट्रिक ऑक्साइड सुटा करतात, त्याची ओझोनशी अभिक्रिया घडवितात आणि निघणारा क्षीण अवरक्त प्रकाश मोजतात. तंबाखूच्या अर्कात हजारो संयुगे असली तरी या शोधकास बहुतांशी नायट्रोसो गटच ‘दिसतो’, हे त्याचे सामर्थ्य. आज ही जागा मुख्यतः द्रव वर्णलेखन आणि द्विस्तरीय द्रव्यमान वर्णपटमापन यांच्या जोडपद्धतीने घेतली आहे. अमोनियम ॲसिटेटच्या विद्रावात तंबाखू हलवून अर्क काढतात. त्यात ड्यूटेरियमने चिन्हित केलेले एनएनएन आणि एनएनके ज्ञात प्रमाणात आधीच घातलेले असते. मूळ रेणू आणि चिन्हित रेणू रासायनिक वागणुकीत जवळजवळ सारखे व वजनात भिन्न असल्यामुळे वाटेत जी हानी होईल ती दोघांची सारखीच होते. मापन गुणोत्तराचे होते, आणि गुणोत्तर अबाधित राहते. या युक्तीची प्रशंसा करावी तेवढी थोडीच.

तरीही समरूपतेचा प्रश्न संपत नाही. भाषेत ‘कर’ हा एकच शब्द हात, सारा आणि आज्ञार्थी क्रियापद अशा तिन्ही अर्थांनी येतो, व अर्थ ठरतो तो संदर्भावरून. धातूंच्या परीक्षणात नेमका हाच पेच आहे. नायट्रिक आम्लात तंबाखू विरघळवून आर्गॉन वायूच्या प्लाझ्मातून द्रव्यमान मोजले असता आर्सेनिक ७५ या अंकावर दिसते; परंतु यंत्रातील आर्गॉन (४०) आणि नमुन्यातील क्लोरीन (३५) यांच्या संयोगाने बनणारा आयनही ७५ वरच येतो. ज्या पदार्थात मीठ आहे त्यात आर्सेनिक नसतानाही ते ‘आढळू’ शकते. म्हणून हेलियमने भरलेल्या कक्षात टक्करी घडवून हा तोतया आयन मागे पाडावा लागतो. बेंझो(ए)पायरीनची कथा याहून अवघड. त्याचा भाऊ बेंझो(ई)पायरीन याचे सूत्र व द्रव्यमान, २५२, तंतोतंत तेच. कर्कजनकता मात्र सारखी नाही. येथे द्रव्यमापक निरुपयोगी ठरतो आणि निर्णय पुन्हा वर्णलेखन-स्तंभाकडे येतो. अहवालात ‘बेंझोपायरीन’ असा मोघम शब्द वापरणारा लेखक केवळ कंस वाचवीत नाही. तो एक भेदच पुसून टाकतो.

३

‘दर ग्रॅमला इतके’ हे पद दिसते तितके निरपवाद नाही. पहिला प्रश्न : कशाच्या दर ग्रॅमला? ओल्या तपकिरीत सुमारे निम्मे पाणी असते. तिच्या ओल्या वजनावर दर ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम निघालेले द्रव्य कोरड्या वजनावर दोन मायक्रोग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने एनएनएन व एनएनके यांच्या बेरजेस सुचविलेली मर्यादा दर ग्रॅमला २ मायक्रोग्रॅम आणि बेंझो(ए)पायरीनची ५ नॅनोग्रॅम आहे. दोन्ही कोरड्या वजनावर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१७ मध्ये मांडलेला एनएनएनचा १ मायक्रोग्रॅमचा प्रस्तावही कोरड्या वजनावरच होता. ‘कोरड्या’ हे विशेषण गळालेला आकडा या मर्यादांशी ताडून पाहणे म्हणजे दोन वेगळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच वहीत मांडणे होय.

दुसरा प्रश्न निकोटिनचा. वायु-वर्णलेखनासाठी तंबाखूत प्रथम सोडियम हायड्रॉक्साइड घालून सर्व निकोटिन मुक्त करतात, ते हेक्सेनसारख्या द्रावकात ओढून घेतात आणि मोजतात. मिळतो तो ‘एकूण निकोटिन’चा आकडा. परंतु तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने शोषले जाते ते प्रोटॉनविरहित, म्हणजे मुक्त निकोटिन. आणि त्याचे प्रमाण पदार्थाच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरते. अमेरिकेत १९९९ साली विहित झालेल्या पद्धतीत दोन ग्रॅम तंबाखू दहा मिलिलिटर पाण्यात कालवून पीएच मोजतात आणि ८.०२ हा निकोटिनचा स्थिरांक घेऊन मुक्त अंश गणिताने काढतात. हे गणित करून पाहिले तर पीएच ६ ला मुक्त अंश जेमतेम एक टक्का, ७ ला सुमारे नऊ, ८.०२ ला पन्नास आणि ९ ला नव्वद टक्के निघतो. एकूण निकोटिनचा आकडा तोच राहून शरीरात शिरणारे निकोटिन कितीतरी पटींनी बदलू शकते. अहवालात केवळ एकूण निकोटिन असेल तर विधान खोटे नसते, पण अपुरे असते. आणि अपुरे विधान या विषयात खोट्याइतकेच दिशाभूल करते.

तिसरा प्रश्न भारतीय कायद्याच्या भाषेचा आहे. २००३ च्या तंबाखू अधिनियमाच्या सातव्या कलमात सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांच्या वेष्टनावर ‘निकोटिन व टार’ यांचे प्रमाण आणि त्यांची कमाल मर्यादा छापण्याची तरतूद आहे. टार ही संज्ञा धुराची आहे : धुरातील गाळणीवर साचणाऱ्या कणद्रव्यातून पाणी व निकोटिन वजा करून उरते ते टार. ज्याचा धूरच होत नाही त्या पदार्थाचे टार कोणती प्रयोगशाळा मोजणार? मराठीत या शब्दासाठी ‘डांबर’ वापरले की गोंधळात आणखी भर पडते, कारण वाचकाच्या मनात रस्त्यावरचे द्रव्य उभे राहते. सिगारेटसाठी घडविलेली संज्ञा सर्व तंबाखूस लावण्याचा हा परिणाम आहे. परीक्षणाची पद्धत कितीही सूक्ष्म असली तरी ज्या प्रश्नाला वस्तूच नाही त्याचे उत्तर ती देऊ शकत नाही.

४

आता ‘या नमुन्यात’. ‘धूररहित तंबाखू’ हे नावच मुळी नकारातून आलेले आहे. सिगारेट हा आदर्श धरून तिच्यात जे असते ते येथे नाही, एवढेच हे नाव सांगते. मराठी बोलणारा मनुष्य हा शब्द वापरीत नाही. तो क्रियापदे वापरतो. तंबाखू मळतात व खातात, विडा चघळतात, तपकीर ओढतात, मशेरी भाजतात आणि लावतात. ही क्रियापदे परस्परांच्या जागी चालत नाहीत, आणि त्यांतील भेद रासायनिकदृष्ट्याही निरर्थक नाही. ‘ओढणे’ नाकाचा मार्ग सांगते, ‘लावणे’ हिरड्यांशी दीर्घ संपर्क सांगते, ‘चघळणे’ लाळेने सावकाश होणारे निष्कर्षण सांगते. प्रयोगशाळा मात्र सर्वांस एकच क्रिया करते : दळणे, द्रावकात हलविणे आणि गाळणे.

‘मळणे’ या क्रियापदाचा विचार विशेष करावा लागतो. तळहातावर तंबाखू व चुना घेऊन अंगठ्याने मळण्यात जे घडते ती एक रासायनिक अभिक्रियाच आहे. चुन्याने पीएच वाढतो आणि वर दिलेल्या गणितानुसार निकोटिन मुक्त होते. दुकानातून आणलेल्या बिनचुन्याच्या तंबाखूचा पीएच मोजून दिलेला अहवाल पुडीविषयी खरा असतो, तोंडात ठेवलेल्या चिमटीविषयी नसतो. परीक्षणाचा नमुना आणि सेवनाचा पदार्थ यांच्यामध्ये एक तळहात आहे, आणि तो कोणत्याही प्रमाणित पद्धतीच्या वर्णनात येत नाही.

मशेरीच्या बाबतीत तर ‘धूररहित’ हे विशेषणच संशयास्पद ठरते. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून त्यांची पूड करतात. धूर सेवनाच्या वेळी नसतो, सिद्धतेच्या वेळी असतो. आणि सेंद्रिय द्रव्य अर्धवट जळाले की बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने निर्माण होतात, ज्यांत बेंझो(ए)पायरीनही येते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील भिडे, मुर्डिया व नायर यांनी भाजलेल्या भारतीय तंबाखू-पदार्थांतील या हायड्रोकार्बनांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध केला होता. याचा अर्थ असा की, नाव ‘धूररहित’ म्हणून परीक्षणाची यादी केवळ नायट्रोसामाइनांपुरती ठेवली, तर मशेरीतील एक प्रमुख धोका यादीबाहेरच राहील. शिवाय मशेरी पुष्कळदा घरीच भाजतात. तवा, आच आणि वेळ घरोघर वेगळी. येथे एका नमुन्याचा आकडा म्हणजे एका चुलीचा आकडा होय.

काळाचाही प्रश्न आहे. तंबाखूतील नायट्रेटचे सूक्ष्मजंतू नायट्राइट करतात आणि नायट्राइट अल्कलॉइडांशी संयोग पावून नायट्रोसामाइने घडवितात. ही क्रिया साठवणीतही चालू राहू शकते. म्हणून कारखान्याच्या दारात घेतलेली पुडी आणि उन्हाळाभर टपरीवर टांगलेली पुडी या रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच वस्तू मानता येत नाहीत, मग वेष्टन व क्रमांक एकच का असेना. स्टेपानोव्ह व सहकाऱ्यांनी २००५ साली भारतीय बाजारातील पदार्थांचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यात खैनी, जर्दा व तत्सम काही पदार्थांत एनएनएन दर ग्रॅमला ७६.९ मायक्रोग्रॅमपर्यंत व एनएनके २८.४ मायक्रोग्रॅमपर्यंत आढळले. अशा आकड्यांचा खरा उपयोग करावयाचा तर पान, किण्वन व साठवण यांपैकी कशाचा वाटा किती, हे सांगणारा तपशील प्रत्येक नमुन्यामागे हवा.

सर्वांत मोठी उणीव संदर्भ-नमुन्यांची आहे. प्रयोगशाळेने आपले यंत्र व हात तपासण्यासाठी ज्ञात घटकांचा नमुना मधूनमधून मोजावयाचा असतो. कोरेस्ता या तंबाखू-संशोधन संघटनेने सिद्ध केलेले चार संदर्भ-नमुने असे : स्वीडिश पद्धतीचा स्नुस, अमेरिकन ओली तपकीर, कोरडी तपकीर आणि चिरलेली सुटी पाने. या चारांत गुटखा नाही, खैनी नाही, मशेरी नाही. गुटख्यात सुपारी, कात, चुना व सुगंधी द्रव्ये असतात. त्यांतील घटक तंबाखूच्या अर्काबरोबर यंत्रात शिरून मोजावयाच्या द्रव्याचा संकेत दाबू शकतात. स्नुसवर अचूक ठरलेली पद्धत गुटख्यावर अचूक ठरेलच, हे गृहीत धरता येत नाही. ते सिद्ध करावे लागते. चिन्हित रेणूंची युक्ती येथे पुष्कळ साहाय्य करते हे खरे. पण द्रव्य अर्कात उतरलेच नाही, कातात किंवा सुपारीच्या तंतूत अडकून राहिले, तर ते या युक्तीसही कळत नाही.

५

शेवटी ‘आढळले नाही’. मराठीतील ‘आढळणे’ हे क्रियापद ‘असणे’चा पर्याय नव्हे. त्याला अनुभवणारा लागतो आणि तो चतुर्थीत येतो : मला आढळले, त्याला आढळले नाही. अहवालात हे चतुर्थ्यन्त पद गाळले जाते. ‘या प्रयोगशाळेला, या पद्धतीने, या मर्यादेपर्यंत आढळले नाही’ एवढे पूर्ण वाक्य. त्यातील अनुभवणारा, साधन आणि मर्यादा ही तिन्ही पदे लुप्त होऊन उरते ते ‘आढळले नाही’. वाचणारा त्याचे ‘नाही’ करतो. हा दोष वाचकाचा नाही. लोप पावलेली पदे त्याने कोठून आणावीत?

रसायनशास्त्रज्ञांना ही गोष्ट अज्ञात नाही. यंत्राच्या पार्श्वकंपनाच्या सुमारे तिप्पट संकेत मिळाला तर द्रव्य ओळखू आले असे म्हणतात, आणि सुमारे दहापट मिळाला तर ते मोजता आले असे म्हणतात. पहिली शोधसीमा, दुसरी मापनसीमा. समजा, एका नमुन्यात एखादे द्रव्य दर ग्रॅमला ०.०५ मायक्रोग्रॅम आहे. ०.१ शोधसीमेच्या प्रयोगशाळेला ते आढळणार नाही, ०.००१ शोधसीमेच्या प्रयोगशाळेला आढळेल. दोन्ही अहवाल सत्य, आणि सीमा न सांगितल्यास परस्परविरोधी. पुढे सरासरी काढताना ‘आढळले नाही’च्या जागी कोणी शून्य धरतो, कोणी सीमेचा निम्मा अंक धरतो, अज्ञानाचे असे आकड्यात रूपांतर झाल्यावर ते पुन्हा ओळखता येत नाही.

होकारार्थी वाक्यासही हाच न्याय लागू आहे. वांगे, टोमॅटो व बटाटा या तंबाखूच्या कुळातील भाज्यांतही अत्यल्प निकोटिन असते. पुरेशा सूक्ष्म यंत्राला ते आढळेलच. त्यावरून भाजीत तंबाखू मिसळला असे कोणी म्हणणार नाही. म्हणून ‘आढळले’ यावरून ‘मिसळले’ हा निष्कर्षही प्रमाणाशिवाय काढता येत नाही.

या व्याकरणाचे व्यावहारिक फळ भारतात स्पष्ट दिसते. २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी अन्नपदार्थात तंबाखू व निकोटिन हे घटक वापरण्यास मनाई केली, आणि त्या आधारे २०१२ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली. तेव्हापासून ‘निकोटिन आहे की नाही’ हा प्रश्न कायद्याचा झाला. मग अनेक ठिकाणी एक पुडी पानमसाल्याची व एक पुडी तंबाखूची अशी जोडविक्री सुरू झाली. पहिल्या पुडीच्या अहवालात निकोटिन आढळत नाही, आणि ते खरेच असते. दुसरी पुडी आपण तंबाखू असल्याचे लपवीतच नाही. गुटखा तयार होतो तो ग्राहकाच्या हातात, आणि तो नमुना म्हणून कोणत्याही प्रयोगशाळेत दाखल होत नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की, ‘निकोटिन आढळले नाही’ या वाक्याचा कानावर पडणारा अर्थ ‘अपाय नाही’ असा होतो. वास्तविक सुपारी स्वतःच मानवात कर्कजनक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या प्रबंधात दिला आहे. प्रश्न निकोटिनचा विचारला, उत्तर निकोटिनचे मिळाले, आणि समाधान मात्र सुपारीविषयी करून घेतले गेले.

६

या चिकित्सेवरून प्रयोगशाळांच्या कार्याचे मोल कमी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ पासून उभारलेले प्रयोगशाळांचे जाळे आणि भारतात २०१९ मध्ये नोएडा, मुंबई व गुवाहाटी येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय तंबाखू परीक्षण प्रयोगशाळा यांमुळे उद्योगाच्या स्वतःच्या आकड्यांवर विसंबण्याची गरज पुष्कळ कमी होऊ शकते. आक्षेप आहे तो पद्धतींच्या उगमाविषयी नव्हे, तर त्यांच्या अविचारी स्थलांतराविषयी. एका देशातील पदार्थासाठी घडविलेली पद्धत दुसऱ्या देशात आणताना तिच्या शब्दांबरोबर तिची गृहीतेही येतात, आणि त्यांची तपासणी करणे हे रसायनशास्त्राचेच काम आहे.

त्या दृष्टीने चार गोष्टी अवश्य वाटतात. परीक्षण विक्रीच्या स्वरूपात आणि सेवनाच्या स्वरूपात, म्हणजे चुन्यासह व जोडपुड्या एकत्र करून, असे दुहेरी व्हावे. खैनी, गुटखा व मशेरी यांचे संदर्भ-नमुने भारतातच सिद्ध व्हावेत. एकूण निकोटिनच्या शेजारी पीएच व मुक्त निकोटिन आणि प्रत्येक आकड्याशेजारी वजनाचा आधार छापला जावा. आणि ‘आढळले नाही’ हे वाक्य एकटे कधीही लिहिले जाऊ नये. ज्या पद्धतीने व ज्या सीमेपर्यंत शोधले तिचा उल्लेख त्याच ओळीत व्हावा. यांपैकी पहिल्या तिहींना यंत्र, पैसा व वेळ लागेल. चौथ्या गोष्टीला एक पूर्ण वाक्य लिहिण्याची सवय पुरे, आणि ती उद्यापासून लावता येण्यासारखी आहे.